शेळीच्या रक्तातलं शून्य

४ फेब्रुवारी, लिंबागणेश

सुरुवात झाली एकदाची! आप्पारावांच्या दोन शेळ्या, एक सत्तावीस किलो, दुसरी अठ्ठावीस. काट्याला टांगताना दोघींनी असा दंगा केला की माझी ओढणी फाटली. यकृताला जास्त पित्त सोडायला लावणारं, काविळीवरचं हे नवं औषध उंदरात तीन तासांत मोडतं, कुत्र्यात अठरा तास रेंगाळतं. शेळीचं काय, कुणालाच ठाऊक नाही. माझ्या पीएचडीचं शेवटचं प्रकरण त्यावरच उभं आहे.

पहिली पुडी मी स्वतः गुळातून चारली, दोन तासांनी रक्त घेतलं. बाकी दोन आठवड्यांच्या पुड्या घरी ठेवल्या, प्रत्येकीवर शेळीचं वजन. बजावून सांगितलं, औषध काविळीचं आहे, डोस किलोवर ठरतो, अदलाबदल नको. आप्पाराव म्हणाले, "काळजी करू नगा मॅडम. सकाळी सातला म्हंजी सातला." त्यांची बायको ताराबाई दाराशी ऐकत उभ्या होत्या.

१३ फेब्रुवारी, बीड

पहिल्या दिवसाच्या रक्तात औषध भरपूर. परवा आठवड्याने घेतलेल्या रक्तात — शून्य! दोन्ही शेळ्यांत! नमुने पुन्हा लावले. शून्यच. म्हणजे आठवडाभरात शेळीचं यकृत सरावलं आणि आल्या आल्या औषधाचा फडशा पाडायला लागलं? सर, म्हणजे माझे गाईड, खुर्चीतून उठलेच. "हे छापून येणार! डोस दुप्पट कर."

१४ फेब्रुवारी

दुप्पट डोसच्या पुड्या देऊन आले. शेळ्यांच्या पापण्याही पाहिल्या, कावीळ नाही. आप्पाराव रानात होते, ताराबाईंच्या हातात दिल्या. "डबल कावून?" म्हणाल्या. मी म्हटलं, "पहिल्याचा काही असर दिसत नाही." त्या म्हणाल्या, "व्हय, न्हाईच." बस गाठायची होती, निघाले.

१६ फेब्रुवारी

पेपरचं शीर्षकसुद्धा ठरवून टाकलं. आई म्हणते, आधी जेव!

१८ फेब्रुवारी



रक्त घ्यायला गेले तर घराला कुलूप. शेळ्या शेजारच्या मंजुळाबाईंच्या अंगणात, मजेत. "ताराला बीडला नेलं. हळदीवानी पिवळी झालती, पोटात कळा, अंगात ताप. तुमच्याच पुड्या खाल्ल्या म्हंत्यात."

म्हणजे शून्य हे खरंच शून्य होतं. पहिल्या पुडीनंतर शेळ्यांच्या पोटात काही गेलंच नव्हतं. आणि त्या शून्याच्या भरवशावर मी डोस दुप्पट केला!

सरांना फोन लावला. "तू तिकडे जाऊ नकोस. पुड्यांवर कॉलेजचं नाव नाही ना? मग झालं." पुड्यांवर माझं अक्षर आहे, सर.

फाट्यावर उभी राहिले. बीडच्या दोन बस समोरून जाऊ दिल्या. दुसऱ्या कुणाला हे सांगायची लाज वाटते, म्हणून इथे लिहिते. तिसऱ्या बसमध्ये चढले.

ताराबाईंच्या पित्ताच्या नळीत खडा अडकलेला. पुढे वाट बंद, आणि माझं औषध मागून पित्त ढकलतंय! बीडच्या दवाखान्यातल्या डॉक्टर मोहिनी वैतागलेल्या: औषध कोणतं, कुणी सांगेना. आप्पाराव म्हणत होते, "दुकानातून आनलं, नाव ध्यानात न्हाई." मला पाहिलं आणि मान फिरवली. मला वाचवत होते!

मी सगळं सांगितलं. औषध, डोस, तारखा, माझं नाव, कॉलेजचं नाव. डॉक्टरांनी विचारलं, "माणसाच्या शरीरात किती तास टिकतं?" उंदराचं येतं मला, कुत्र्याचं येतं. म्हटलं, "माहीत नाही. माणसाला अजून कुणी दिलेलं नाही."

"आता दिलंय," त्या म्हणाल्या.

लगेच संभाजीनगरला हलवलं.

१९ फेब्रुवारी, संभाजीनगर

दुर्बिणीने खडा काढला. ताप हटत नाही. डॉक्टरांनी दिलेला रक्ताचा नमुना मीच इथल्या प्रयोगशाळेत तपासला. शेवटची पुडी परवा सकाळची, आणि औषध अजून आहे! ताराबाई शुद्धीवर नाहीत. देवाधर्माची सवय नाही मला, पण वॉर्डाबाहेर बसून मनातल्या मनात त्रिशरण म्हणत होते.

सरांचा फोन. "तो आकडा जपून ठेव. माणसाचा आकडा कुणाकडेच नाही." मी फोन कापला. इतकी चीड मला जन्मात कुणाची आली नव्हती.

२१ फेब्रुवारी

ताप उतरला! डोळे उघडले!! पाणी मागितलं. मी जिन्यात जाऊन रडले.

कॉलेजच्या समितीला पत्र पाठवलं, सगळं लिहून. प्रकरण तर गेलंच, पीएचडीही राहील असं वाटत नाही.

आप्पारावांना विचारलं, डॉक्टरांशी खोटं का बोललात? "पुड्या म्याच चारल्या तिला. दोन शेळ्यांचं वजन मिळून तिचं वजन, पंचावन्न. म्हनून दोन पुड्या. तुमचा काय गुन्हा?" हिशोब बरोबर होता. मीच शिकवलेला.

२३ फेब्रुवारी

ताराबाई आज बोलल्या. "त्यांला कायबी ठावं नव्हतं. म्याच खाल्ल्या. संक्रांतीपासून डोळं पिवळं हायती माजं. तुमी तीनदा आलात. दर बारीला शेळीची पापनी उलटी करून बघितलीत. म्या तितंच हुबी होते."