बरणीतली अळी

ती. ताईस, म्हणजे आमच्या शेठाणीबाईंना, साष्टांग नमस्कार.

मी मजेत आहे. जेवण बेचव असतं, पण पोटभर मिळतं. आईला फक्त पोटभरचं सांग.

आज जीवशास्त्राच्या तासाला बाईंनी बरणीतली अळी दाखवली आणि मला हसू आवरेना. आठवतं? अळ्या मी पाळायचे आणि दुकान तू मांडायचीस. एकदा बघायचं तर एक चॉकलेट! फुलपाखरू निघालं त्या दिवशी दाराशी पोरांची ही रांग, आणि तू सरळ झाकण उघडलंस. धंदा बुडाला म्हणून भोकाड पसरलं मी.

समोरच्याच वर्गात बिझनेसचा कोर्स चालतो. बाबांच्या आजारपणात तू सोडलास, तोच. जाता-येता उगाच डोकावते.

बाबा आता काठीशिवाय चालतात ना? तरी तुला जवळून हलू देत नाहीत, असं आई लिहिते. प्रवेश अजून सुरू आहेत, मी विचारलंय. माझ्या खोलीतली दुसरी खाटही रिकामीच आहे.

फुलपाखरू उडालं तेव्हा मला जवळ घेऊन तू म्हणाली होतीस, "वेडे, बरणीत ठेवायला वाढवलंस का त्याला?"

तेच मी आज बाबांना लिहिलंय. रागावले तर सांभाळून घे.

तुझीच,
अळीबाई