कावळ्याच्या पानावर ठेचा

रविवार, संध्याकाळ

उद्या ह्यांचं पहिलं मासिक श्राद्ध. वन्सं धायरीहून आजच आल्या. कावळ्यासाठी गच्चीवर ठेवायच्या पानात मी मिरचीचा ठेचाही वाढणार म्हटलं, तर भडकल्याच.

"वहिनी, दादाच्या पानावर ठेचा? कावळा शिवायचा नाही!"

"कावळ्याला तिखट लागत नाही," मी म्हटलं.

"कावळा तुम्हाला सांगून गेला वाटतं?"

सांगायला हवं होतं, कावळा नाही, तुमचे दादाच सांगून गेले. जन्मभर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलेला माणूस रोज ताटातला ठेचा दाखवून मला तेच सांगायचा. उंदीर मिरचीचं बी चावून संपवतो. पक्षी ते अख्खं गिळतो आणि दूर नेऊन टाकतो. म्हणून ज्या झाडांची मिरची उंदराला झोंबली, त्यांचीच रोपं पिढ्यानपिढ्या जास्त उगवली. पक्ष्याला ती झोंबतच नाही. सख्ख्या बहिणीला हे कधी सांगितलं नसेल? की मी काही ठरवलं, याचाच राग आला?

लसूण घालणार नाही, तेवढं वन्संचं ऐकलं. मिरच्या मात्र कमी करणार नाही.

कावळा आला नाही तर दर्भाचा करून शिववू, असं त्या आत्ता गुरुजींना फोनवर सांगत होत्या. दर्भाचा कावळा नको. पान गच्चीवरच राहील, कितीही वेळ लागो. ठेच्याशिवायचं पान मी ह्यांच्यापुढे कधी ठेवलं नाही. उद्याही ठेवणार नाही.