क्ष तिनापरास थोरला

क्षसर,

‘प्रिय’ लिहिणार होते, हात वळला नाही. तुमचं खरं नावही लिहीत नाही. मिरजगावच्या शाळेत आम्ही पोरं तुम्हाला मागून क्षसरच म्हणायचो, तेच बरं.

तुम्ही गेल्याचं कळलं. उद्या नगरला तुमची शोकसभा आहे. तुमच्या मुलाचा फोन आला, “बाबांची विद्यार्थिनी गणिताची शिक्षिका झाली, तुम्ही दोन शब्द बोलाच.” मी इतकं चटकन हो म्हटलं की त्याला गहिवरून आलं! बिचारा. काय बोलणार आहे ते तुम्हाला आधी कळवावं म्हणून हे पत्र. पाठीमागून वार करायची सवय मला नाही, ती तुमची.

आठवतो का आमचा सातवीचा वर्ग? दुष्काळाचं साल. निम्मं गाव रस्त्याच्या कामावर खडी फोडत होतं आणि तुम्ही फळ्यावर क्ष काढत होतात. खोटं कशाला बोलू, अक्षर देखणं होतं तुमचं. तो क्ष बघून मी हरखून गेले होते. ज्याची किंमत कुणालाच ठाऊक नाही ती बसल्या जागी शोधून काढायची! मला वाटलं, हे तर आपलं काम.

तुम्ही लिहिलंत, क्ष अधिक पाच बरोबर बारा. मग म्हणालात, “पाच पलीकडे गेले की उणे होतात. लेक सासरी गेली की नाव बदलतं ना, तसंच.” मी उभी राहिले. “सर, पन पलीकडं जाताना त्याचं चिन्ह बदलतं कोन?”

साधा प्रश्न होता हो! येत नव्हतं तर ‘उद्या सांगतो’ म्हणायचं. तुम्ही म्हणालात, “सासरी जाशील तेव्हा कळेल.” मुलं बाकं बडवून हसली. मी तेरा वर्षांची होते, सर.

पुढं असमानता आली. फळ्यावर क्ष, मग चोच वासलेलं ते चिन्ह, मग तीन. मला वाचायला लावलंत. आमच्या घरात मोठ्याला थोरला म्हणतात, तसं मी वाचलं, “क्ष तिनापरास थोरला.” काय चुकलं होतं त्यात? पण तुम्ही खडू खाली ठेवून हसलात. “थोरला? मग आधी क्षचं लग्न उरका, धाकटा तीन खोळंबलाय!” त्या दिवसापासून मी थोरली झाले. हजेरी घेतानासुद्धा तुम्ही तेच म्हणायचात. सासरी जायच्या आधीच माझं नाव बदललंत की!

तेवढ्यावर भागलं असतं तर मी कधीच विसरले असते. पण वार्षिक परीक्षा झाली आणि एका बाजारच्या दिवशी तुम्ही आमच्या मिरच्यांच्या पालाशी येऊन उभे राहिलात. मी समोर असताना, जशी काही मी नाहीच, माझ्या वडिलांना, अण्णांना म्हणालात, “हिचं डोकं चालत नाही. सातवी पुरे झाली. थोरली आहे ना? चांगलं स्थळ बघा आणि उजवून टाका.”

का, सर? एका प्रश्नाची एवढी शिक्षा?

“मास्तरच म्हनत्यात म्हनल्यावर आपुन काय बोलायचं?” अण्णा म्हणाले. आई पुटपुटली, “पोरीची तागडी तर कदी चुकल्याली मी पाह्यली न्हाई.” पण तिचं ऐकतंय कोण! शाळा सुटली.

आणि गंमत बघा, त्याच पालावर मला तुमचं गणित कळलं. एक गिऱ्हाईक म्हणालं, “पावशेर कमी कर.” मी या पारड्यातल्या पावशेर मिरच्या काढल्या, आईनं त्या पारड्यातलं पावशेराचं वजन काढलं. काटा सरळ! अगं बाई, म्हणजे पाच कुठं सासरी जातच नाहीत! इकडून पाच काढले की तिकडूनही पाच काढायचे, एवढंच. मी आनंदानं उडी मारली. पण सांगणार कुणाला? वर्ग राहिला नव्हता मला.

पुढं लग्न होऊन भिंगारला आले. नवरा भला निघाला, त्याचं श्रेय तुम्हाला नाही. कडेवर पोर घेऊन सतरा नंबरचा फॉर्म भरला, बाहेरून मॅट्रिक झाले, मग डी.एड., मग नोकरी. माझ्या बरोबरीच्या मुली वर्ग घेत होत्या तेव्हा मी अजून विद्यार्थिनीच होते. ती वर्षं तुम्ही खाल्लीत. तुमची ती लेक-सासरची युक्ती मात्र मी एकाही पोरीला शिकवली नाही. माझ्या टेबलावर कायम तागडी असायची.

सून म्हणते, “आई, गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये.” काल-परवापर्यंत तुम्हाला खडूस म्हणणारे आज देवमाणूस म्हणताहेत. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. तुमची गेली असेल, माझी अजून आहे.

तुम्ही म्हणाला होतात, सासरी जाशील तेव्हा कळेल. नाही कळलं. तुम्ही गेल्यावर कळलं. पलीकडे गेलात आणि उण्याचे अधिक झालात! चिन्ह कोण बदलतं? अलीकडे उरलेली माणसं बदलतात, सर. मी बदलणार नाही.

उद्या सभेत मी हे सगळं सांगणार आहे. सासरी गेलेले पाच, थोरला क्ष, बाजारातला तुमचा सल्ला, सगळं तुमच्याच आवाजात. लोक हसले तर हसू देणार आहे. तुमचा मुलगा मान खाली घालेल, त्याचं वाईट वाटेल मला. माझ्या अण्णांनीही त्या दिवशी मान खालीच घातली होती.

पण एक वचन देते. तुम्ही केलंत तेवढंच करीन, कणभर जास्त नाही. काटा सरळ राहील.

थोरली