बेशुद्ध बाईची साक्ष

चि. छोटू,

मंगळवार, चौदा मार्च, सकाळी दहा वाजून बेचाळीस मिनिटे. ही वेळ आधी टिपून घे, आशीर्वाद मग घे. या वेळी तुझ्या विभागाने नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षातल्या एका मुलीला शून्य मार्क दिले, आणि तेही तिने काम बरोबर केले म्हणून. आता ती प्रात्यक्षिकात नापास होणार आणि सहा महिने मागे पडणार. तू त्या विभागाचा प्रमुख आहेस आणि माझ्या बहिणीचा मुलगाही आहेस. पहिल्या नात्याने हे पत्र वाच, दुसऱ्या नात्याने घाबर.

तुझी पाठ कशी आहे? सूनबाई सांगत होती की तू ऑफिसात दिवसभर खुर्चीत बसतोस आणि घरी आल्यावर दमलो म्हणून दुसऱ्या खुर्चीत बसतोस. माझी तब्येत ठणठणीत. तुमच्या परीक्षांसाठी मी आतापर्यंत अकरा आजारांनी आजारी पडले, त्यातला एकही घरी आणला नाही. खरे सांगायचे तर टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झाल्यापासून इतकी मजा मला कशातच आली नव्हती. मंगळवारी मी लवकर उठते, इस्त्रीचे कपडे घालते आणि खोटी रुग्ण व्हायला निघते. (शेजारीण विचारते, कुठे निघालात? मी म्हणते, हार्ट अटॅकला. ती आता विचारत नाही.)

आता मूळ गोष्ट. या परीक्षेत मला आधी छातीत दुखणारी बाई केले होते. विचारल्याशिवाय काही सांगायचे नाही, अशी तंबी होती. मी पाळली. पण एक लांबडा मुलगा आला, त्याने माझे वय विचारले, पत्ता विचारला, झोप विचारली, आणि दुखणे हातात उतरते का हे काही केल्या विचारेना. मी डावा हात चोळला. तो बघतच राहिला. मी आणखी जोरात चोळला. शेवटी मीच म्हटले, अरे बाबा, हा हात मी काय हौसेने चोळतेय का? झाले. मी मुलांना उत्तरे पुरवते असा ठपका आला आणि मला बेशुद्ध करण्यात आले. म्हणजे पलंगावर डोळे मिटून पडायचे, सात मिनिटांनी घंटा वाजली की पुढचे मूल येणार, ते मला तपासून नीट कुशीवर वळवणार, आणि तुझे ते चष्मा कपाळावर चढवून चष्मा शोधणारे परीक्षक हातातल्या यादीवर खुणा करणार. चौतीस वर्षे जिने बोलण्याचा पगार घेतला तिला ही शिक्षा.

तरी मी उत्कृष्ट बेशुद्ध होते. त्या सकाळी पहिली नऊ मुले माझ्या अंगावरून फक्त परीक्षकांशी बोलली. एकाने बर्फासारख्या अंगठ्याने माझी पापणी उचलली. एकीने विचारले, "सर, हिचं वय काय धरायचं?" तर तुझे परीक्षक म्हणाले, "ऐंशी धर." मी अडुसष्ट वर्षांची आहे, हे तुला ठाऊक आहे. मी तेव्हाही हलले नाही.

मग दहावी मुलगी आली. तिने आधी पडदा ओढला. स्वतःचे नाव सांगितले. हात एकमेकांवर चोळून गरम केल्याचा आवाज मला ऐकू आला. मग माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "आजी, मी तुम्हाला कुशीवर वळवतेय हं. घाबरू नका, मी धरलंय." आणि असे अलगद वळवले, पाठीशी उशी दिली, पायांवरची चादर सारखी केली की माझ्या तोंडून थँक यू निघून गेले. (कॉन्व्हेंटमध्ये नन्सनी हे इतके पक्के घोटून घेतले आहे की मी गेल्यावरही कुणी नीट उचलले तर म्हणेन.)

ती बिचकली नाही. नाव विचारले. मी पूर्ण सांगितले. वार विचारला, तोही सांगितला. परीक्षक म्हणाले, "पेशंट बेशुद्ध आहे, पुढे चल." ती म्हणाली, "सर, पण त्या आभार मानतायत." ते म्हणाले, "मानू देत. कागदावर बेशुद्ध आहे." तेव्हा त्या मुलीने आपल्या कागदावर जे पाहिले ते लिहिले: रुग्ण शुद्धीवर, नाव आणि वार अचूक सांगते. निष्कर्ष चुकीचा म्हणून शून्य. मी उठून बसले. मला झोपा म्हणाले, बाहेर पुढचा मुलगा उभा आहे. आणि छोटू, मी झोपले. ती पोर दप्तर उचलून गेली आणि मी आणखी अकरा मुलांसाठी बेशुद्ध पडून राहिले.

उद्या मला इस्पितळात ठेवायची वेळ आली तर माझ्या उशाशी ती हवी, तुझी यादी नको. एवढे लक्षात घे.

तुझी,
मावशी

ता. क. सूनबाईला सांग, पाठ शेकण्यापेक्षा तुला उभा कर.

ता. क. दुसरा. एक राहिले. परीक्षा संपल्यावर आम्हा खोट्या रुग्णांकडून एक फॉर्म भरून घेतात. त्यात प्रश्न असतो: आपण भूमिका सोडून काही बोललात का? मी 'नाही' वर खूण केली. बोललेल्यांचे नाव खोट्या रुग्णांच्या यादीतून कायमचे काढतात, आणि मला मंगळवार सोडायचे नव्हते. शून्य तिला आधीच मिळाले होते, माझ्या त्या खुणेमुळे ती मुलगी कागदोपत्रीही खोटी ठरली. सोबत नवा फॉर्म जोडला आहे. त्यात 'हो' आहे आणि खाली माझी पूर्ण सही आहे. आधी तिचे मार्क दुरुस्त कर, मग माझे नाव काढ. सोपे काम आधी उरकून अवघड ठेवून देण्याची तुझी सवय मी तुझ्या पहिलीपासून बघते आहे. दोन्ही झाल्याचे लेखी उत्तर शुक्रवारी दुपारी चारच्या आत माझ्या हातात हवे. फोन केलास तर उचलणार नाही.