सायीतली गोळी

४ सप्टेंबर, गुरुवार

आमच्या कुत्रीच्या, सरकीच्या, नाकातून रक्त! सकाळी पायपुसण्यावर तीन थेंब दिसले. मला वाटलं, कांताचा हात कापला. ती भांडी टाकून धावली – "म्याडम, माह्यं नाई, इचं नाक पाहा!"

हिरड्या पांढऱ्याफटक. कालपासून ताटलीला तोंड नाही. ऑटोने जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर प्रफुलनी कानामागून दोन गोचिडी काढून दाखवल्या. गोचीडताप. रक्तातले प्लेटलेट फार उतरलेत. अठ्ठावीस दिवस रोज एक गोळी. "रिकाम्या पोटी नको. वरून पाणी पाजा, नाहीतर घशाखाली चिकटून बसते. आणि बरी दिसली तरी मधेच बंद करायची नाही."

अठ्ठावीस दिवस. एवढे काढेल का ती?

५ सप्टेंबर

गोळी सायीत गुंडाळली. जेवत काही नाही, पण साय चाटली! वरून पाणी पाजलं. जमलं.

बोर्डिंगची आठवण आली. ताप आला की सिस्टर फिलोमिना पलंगाशी उभी – एका हातात गोळी, दुसऱ्या हातात कोमट दुधाचा ग्लास. रिकामा ग्लास पालथा करून दाखवल्याशिवाय हलायची नाही. मी आठ वर्षांची, आई दूर हिंगणघाटला. त्या ग्लासाची ऊब अजून तळहातात आहे.

या घरात गोळी म्हणजे दूध, हा नियम माझा. लग्नानंतर श्रीधरही कुरकुरायचा – "मी काय वासरू आहे?" – पण प्यायचा.

८ सप्टेंबर

गोळी दिली. पाणी पाजलं. थकले.

११ सप्टेंबर

समोरचे रूपराव फाटकात उभे. "माह्या खोकल्याच्या चार गोळ्या उरल्या हायेत, देऊन पाहा. कुत्र्याले काय न् माणसाले काय!"

म्हटलं, नको भाऊ, दुसऱ्याचं औषध तिला चालायचं नाही.

"तुम्ही शिकलेले लोक लय कायदे करता."

कांता आतूनच – "त्या गोळ्यांनं तुमचा खोकला गेला काय, भाऊ?" नेमके तेव्हाच त्यांना खोकल्याची उबळ आली. गेले हात हलवत. किती दिवसांनी हसले मी!

मग सरकीकडे पाहिलं. शेपूटसुद्धा हलवत नाही. श्रीधर कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून होता, तिथे सरकीच्या ढिगावर ही सापडली, मुठीएवढी. खिशात घालून आणली. त्याच्या हातची तेवढीच एक जिवंत वस्तू उरली आहे माझ्याकडे. वस्तू कसली – जीव.

पण मी चुकत नाहीये कुठे. वेळ, पाणी, सगळं सांगितल्याप्रमाणे.

१६ सप्टेंबर, मंगळवार

आज पुन्हा रक्त तपासलं. आकडा वाढायचा सोडून आणखी खाली! डॉक्टरांनी कागद दोनदा पाहिला. मग विचारलं, "गोळी कशात देता?"

मी अभिमानाने सांगितलं – सायीत. एक दिवस चुकलेला नाही.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "ही गोळी दुधासोबत नाही चालत, मॅडम. दूध, दही, साय, काहीच नाही. दुधातलं कॅल्शियम तिला धरून ठेवतं. रक्तात पुरेशी पोचत नाही." माझा चेहरा पाहून घाईने म्हणाले, "चूक माझी. मी सांगायला हवं होतं. माणसांमध्येही होतं असं. पावसाळ्यात गवतातल्या किड्याचा ताप येतो ना, त्यातही हीच गोळी देतात."

हो का, म्हटलं.

ऑटोत तिचं डोकं मांडीवर होतं. बारा दिवस मी तिला प्रेमाने काय भरवत होते? साय!

श्रीधरला तोच ताप होता. तीन वर्षांपूर्वी, याच महिन्यात. आठ दिवस घरीच गोळ्या, मग वर्ध्याचा दवाखाना, मग संपलंच.

त्याची फाइल कपाटावर आहे. नाही काढणार.

१७ सप्टेंबर

आजपासून उकडलेल्या अंड्यात. तिने अंडं खाल्लं, गोळी थुंकली. पुन्हा. पुन्हा. शेवटी कांताने तिला मांडीत धरलं, मी जिभेच्या मुळाशी गोळी ठेवली, मग सिरिंजने पाणी. "गिळ वं माय, गिळ. म्याडमले काऊन रडवून राह्यली?"

रडत नव्हते मी. बहुतेक.

२० सप्टेंबर

कपाटाची धूळ पुसली. वरची नाही.

२३ सप्टेंबर

स्वतःहून उठली! अर्धी पोळी खाल्ली. रूपरावांवर भुंकली. ते फाटकातून ओरडले – "पाहा, माह्या नजरेनंच बरी झाली!"

कांता म्हणते, आता गोळी सोडा, कायले छळता? नाही. पुरे अठ्ठावीस दिवस, आणि मोजणी सतरापासून.

२७ सप्टेंबर, शनिवार

आकडा जवळजवळ दुप्पट. डॉक्टर खूश – "पाहा, आता गोळी पोचतेय."

साधंच वाक्य. दिवसभर कानात आहे.

कांता पेढे आणायचे म्हणाली. म्हटलं, पेढे नको, जिलबी आण.

२९ सप्टेंबर

फाइल काढली. आत औषधाच्या दुकानाचं कागदी पाकीट, पाकिटात पट्टीवर चार गोळ्या उरलेल्या. नाव तेच.

पाकिटावर दुकानदाराने नुसतं लिहिलंय – सकाळ, संध्याकाळ. त्याखाली माझं अक्षर, सिस्टरने घटवून घेतलेलं, सुरेख – "एक ग्लास दुधासोबत." खाली दोन रेघा.