साहेब पूजेत आहेत

बीड, वैशाख वद्य पंचमी

तात्यांसोबत चेअरमनसाहेबांच्या बंगल्यावर गेलो होतो. आमचं पाली गाव कोरडं पडलंय, पाण्याचा टँकर मागायचा होता. साखर कारखान्याच्या या राजाचे तात्या जन्मभराचे सचिव, आता निवृत्त. नको त्या माणसाला दारातच सांगायचे, "साहेब पूजेत हायेत." मी छेडायचो, "तात्या, एवढ्या पूजेनं इंद्रसुद्धा पाझरला असता."

आज नव्या सचिवानं तेच वाक्य तात्यांना ऐकवलं. आतून साहेबांचं हसणं ऐकू येत होतं. तात्या चपला काढून पायरीवर बसले. का बसले? त्यांना ठाऊक नव्हतं? दुपार कलली तरी बसलेलेच. शेवटी मीच त्यांच्या चपला पुढे सरकवल्या.

पालीत तात्यांची सून रिकामी घागर घेऊन दारात उभी होती. "टँकर येतोय न्हवं, मामंजी?"

"साहेब पूजेत व्हते गं," तात्या म्हणाले.