परसातली भिंत

मार्गशीर्ष शु. ४, शके १८०५, ठाणे
घरात येऊन सहा महिने झाले, घर अजून अर्धेच. कौले चाळून झाली. माजघराची जमीन नव्याने चोपली. सौ. रोज सारवते आणि रोज म्हणते, ‘जुनं घर घेतलंत ते घेतलंत, उंदरांसकट का घेतलंत?’ परसातली विहीर मात्र गोड, खाडी इतकी जवळ असून. मागच्या आळीतल्या मिठागरवाल्यांच्या बायका सकाळ-संध्याकाळ तिथेच पाणी भरतात. आधीच्या मालकापासूनची वहिवाट.

मार्ग. शु. ११
माझे वरिष्ठ, कचेरीतले शिरस्तेदार, पानसुपारीस आले. नवी ओटी दाखविली, पण त्यांची नजर परसात. तिथे बायका घागरी घेऊन उभ्या, खिदळणे चाललेले. म्हणाले, ‘घर घेतलंत की पाणपोई?’ मीही हसलो. ते गेल्यावर जेवण गेले नाही.

मार्ग. व. २
गवंडी लावला. परसाला पुरुषभर भिंत. सौ. म्हणाली, ‘पाणी आटत होतं का?’
‘तुला आडोसा नको का?’
‘मी कधी मागितला?’

मार्ग. व. ९
भिंत पुरी. आळीतला जाणता गोमा विचारायला आला. ‘रावसायेब, आमचे बायांनी पानी कुठशी आनाचा?’ खरे सांगण्याची छाती झाली नाही. तोंडातून निघून गेले, ‘सरकारचा हुकूम आहे बाबा, माझ्या हाती काही नाही.’ हुकूम कसला नि काय! मी साधा कारकून. तो मान हलवून गेला. त्याने वाद घातला असता तर बरे झाले असते.

पौष शु. ६
बायका आता तळ्यावर जातात, कोसभर लांब. गोमाच्या सुनेला सातवा महिना, तीही जाते. हे सौ. मला सांगत नव्हती, भांड्यांना सांगत होती.

पौष शु. १३
गोमा आणि दोघे म्हातारे ओटीखाली उभे. वालाच्या शेंगा आणलेल्या. हुकूम फिरवावा म्हणून सरकारात अर्ज लिहून हवा! ‘आमचे आळीन लिवनारा तुमीच.’
नाही कोणत्या तोंडाने म्हणू? माझ्याच थापेविरुद्ध अर्ज, माझ्याच हातचा. लिहिला, वाचून दाखविला. म्हातारे खूश. गोमाने खाली सहीच्या जागी नांगराची निशाणी केली. अक्षर फार सुरेख आले होते, त्याचीही लाज वाटली.

पौष व. ३
अर्ज अंगरख्याच्या खिशात. द्यावा, तर शिरस्तेदार विचारणार, कुठला हुकूम? न द्यावा, तर गोमा रोज वाटेवर. ‘जाब आला?’ ‘अजून नाही.’ आज तोच माझी समजूत घालू लागला, ‘तुमी जीवाला नका लावून घेव. तुमी आमचेसाठी लय केलाव.’ धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरे, असे झाले. तसाच कचेरीत गेलो, दिवसभर कागदांच्या नकला केल्या.

पौष व. ८
सौ.ला सगळे सांगितले. म्हणाली, ‘वाटलंच होतं मला.’ उद्या-परवा भिंत पाडतो म्हटले.
‘पाडा हो. पण सरकारनं अर्ज ऐकला म्हणून ते पाया पडायला येतील, तेव्हा पाय कुठे लपवाल?’


पौष व. १०
गवंड्याला आज सकाळी बोलावलेले. त्याने आळीत सांगितले असावे. तो यायच्या आधीच भिंतीपलीकडे माणसे जमली आहेत, पहारी घेऊन. बायका ठेवणीतली लुगडी नेसून आल्या आहेत. कुणीतरी नारळ आणला आहे. गोमा हाका मारतो आहे, ‘रावसायेब, पयला घाव तुमचा!’
सौ. दारात उभी. लिहीत बसलो आहे, कारण तेवढा वेळ बाहेर जावे लागत नाही. वहाणा घातल्या, पुन्हा काढल्या. घाव घालण्याआधीच सांगायला हवे, नारळ फुटण्याआधी. काय सांगायचे तेही ठरले आहे, तीनच शब्द आहेत. पुन्हा हाक आली. जातो. सांगेन, की—